दाराबाहेरचा राखणदार

४ मार्च

चि. भिंगरी,

आशीर्वाद. तुला ते हल्ली लागतात की नाही ठाऊक नाही, पण माझ्याकडे पडून आहेत म्हणून पाठवतेय.

तुझं पार्सल मिळालं. लग्न झाल्यापासून तुझ्याकडून वर्षाकाठी एक शुभेच्छापत्र येतं. मजकूर छापील, खाली तुम्हा दोघांच्या सह्या. आणि आता अचानक पार्सल! त्यात पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी: 'मावशी, हा मी लिहिलेला खेळ. अजून बाजारात आलेला नाही. खेळून बघ आणि त्यातला राखणदार तुला कसा वाटला ते कळव.' जन्मभर मुलींचं वसतिगृह सांभाळलेल्या बाईला असं गोडगोड काही आलं की ती आधी पाकीट उलटं करून बघते. कुठेतरी पाणी मुरतंय. मत घ्यायला तुला तुझ्या वयाचं कोणी भेटलं नाही?

असो. खालच्या मजल्यावर संगणक दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडून खेळ चढवून घेतला. तो म्हणाला, "आजी, हे तुम्ही खेळणार?" म्हटलं, "नाही, चौकट करून भिंतीला लावणार."

तर पहिलं मत. यान कोसळतं, तुझी ती तंत्रज्ञ मुलगी एकटी वाचते, चहूकडे तांबडी माती आणि कोपऱ्यात हवेचा काटा भराभर खाली. आता माणसाने सूचना वाचायच्या की नाही? मी नीट, सावकाश वाचल्या. वाचून होईपर्यंत मी मेले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेले. असला कसला तुमचा ग्रह, जिथे शिस्तीच्या माणसाला जगता येत नाही?

मग तो आला. ठिगळं लावलेला पोशाख, पिकलेल्या मिशा. धुळीतून चालत येतो, आपल्याच टाकीची नळी काढून मुलीच्या टाकीला जोडतो आणि म्हणतो, 'घाबरू नकोस. मी सांगतो तसं कर.' वाचले खरी. पण भिंगरे, ओसाड ग्रहावर इतकी वर्षं एकटा राहिलेला माणूस आल्या आल्या स्वतःची हवा देतो? फुकट? मला नाही पटत.

उत्तर पत्रानेच दे. फोनवर बोललेलं नंतर नाकारता येतं.

तुझी,
मावशी

---

११ मार्च

ती. मावशी,

नमस्कार. आशीर्वाद घेतले, सगळे. उरले असतील तर तेही पाठव.

पाकीट उलटं करून पाहिलंस हे वाचून इतकी हसले की हा आतल्या खोलीतून धावत आला. त्याला वाटलं मला काहीतरी झालं. (तुझ्या माहितीसाठी: खेळातले सगळे आवाज त्याने टिपलेत. वादळ, बूट, दारं. ते मोठं लोखंडी दार म्हणजे आमच्या जिन्याखालचं गंजलेलं फाटक आहे.)

पाणीबिणी काही मुरत नाही. कधीच न खेळलेल्या माणसाला खेळ समजतो का, हे आम्हाला बघायचंच असतं. पण खरं सांगायचं तर मला तुझंच मत हवं होतं. तू माणसं ओळखतेस, निदान तू तसं म्हणतेस.

एक सूचना: सूचना नंतर वाच. आधी हवेचं यंत्र उभार, मग झोपायची खोली, मग रोपांचं काचघर. प्रत्येक खोलीला सामान लागतं आणि ते बाहेर जाऊन आणावं लागतं. राखणदार शिकवेल.

शेवटी एक मोठं वादळ येतं आणि तुला एक गोष्ट ठरवावी लागते. मी दोन शेवट लिहिलेत. कंपनी म्हणते एकच ठेव. तू जो निवडशील तो ठेवायचा असं मी मनाशी ठरवलंय. आणि त्यावर माझ्या घरातलीही एक गोष्ट ठरायची आहे. ती आत्ता विचारू नकोस, खेळ संपव, मग सांगेन.

तुझी,
भिंगरी

---

२२ मार्च

चि. भिंगरी,

'आत्ता विचारू नकोस' असं मला लिहायचं, आणि वर मी शांत झोपावं अशी अपेक्षा! वसतिगृहात असं म्हणणारी प्रत्येक मुलगी संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलासमोर रडत उभी असायची. तू घाबरलेली आहेस. अक्षरावरून कळतं, ओळी चढावर गेल्यात.

तळ मी उत्तम बांधलाय. तो खालचा दुरुस्तीवाला एरवी बोलावूनही येत नाही, पण माझा तळ बघायला आपण होऊन वर आला. मधे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, बाहेर पडायला एकच दार. चार दारांची परवानगी होती, पण चार दारं म्हणजे चार डोकेदुख्या. दारासमोर माझी स्वतःची खोली हवी होती, येणारंजाणारं दिसावं म्हणून. तर ती मोक्याची जागा त्या राखणदाराने आधीच बळकावलेली! खुर्ची टाकून बसलेला असतो, दाराकडे तोंड करून. मला तेव्हाच राग आला.

आता त्याच्याबद्दल. गोगलगाय नि पोटात पाय, असा हा माणूस आहे. मुलगी बाहेर निघाली की म्हणतो, 'नको म्हणत नाही मी, फक्त विचारून जा.' परत आली की टाकीत किती हवा उरली ते बघतो. बिनतारी यंत्र त्याच्याच खोलीत. मुलगी विचारते, कोणाचा निरोप आला का, तर म्हणतो, 'कोण येणार? बाहेर काही नाही.' मी काल तो बाहेर गेल्यावर त्याच्या खोलीत शिरले. (खेळ शिरू देतो, म्हणजे तुलाही संशय घ्यायला लावायचाच आहे.) यंत्रात निरोप साठलेले! पलीकडच्या डोंगरामागे माणसं आहेत, ती मुलीला हाका मारतायत आणि या बाबाने सगळं दाबून ठेवलंय. पकडल्यावर काय म्हणाला? 'जग वाईट नाही, पण तू भोळी आहेस. तुझ्या भल्यासाठीच केलं.'

भिंगरे, मी कच्च्या गुरूची चेली नाही. असली वाक्यं कोणी हवेतून काढत नाही. ती कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागतात, रोज. तुझ्या घरात तुझ्याशिवाय एकच माणूस आहे.

खरं सांग. तो तुझा फोन बघतो का? तू कुठे जातेस ते विचारतो का? चार वर्षांत मावशीकडे एकदाही न येण्यामागे कोण आहे? हे पत्र त्याच्या हाती पडलं तर पडो. जावईबापू, तुम्ही वाचत असाल तर नमस्कार. माझं लक्ष आहे.

मावशी

---

२९ मार्च

ती. मावशी,

सा. नमस्कार. पत्र टाइप केलेलं पाहून दचकू नकोस. माझी मनगटं सुजली आहेत, बोटं बधिर होतात, पेन धरवत नाही. मी सांगतेय आणि हा टाइप करतोय. तू त्याला केलेला नमस्कार त्याला पोचला. त्याने उलट नमस्कार सांगितलाय.

तुला वाटतं तसं काही नाही. मी मजेत आहे. राखणदार म्हणजे हा नव्हे. खेळ पूर्ण कर, म्हणजे बोलू.

तुझी,
भिंगरी

---

४ एप्रिल

(हे पत्र मुद्दाम तुझ्या कंपनीच्या पत्त्यावर. घरी नेऊ नकोस.)

माझी लाडकी भिंगरी,

तो टाइप केलेला कागद मी परत परत वाचला. 'सा. नमस्कार'! 'मी मजेत आहे'! तू जन्मात कधी मजेत नसतेस, तू एक तर उड्या मारत असतेस किंवा तोंड फुगवून बसलेली असतेस. आणि मनगटं सुजली म्हणजे काय? दोन्ही? एकदम? जिन्यावरून पडले, दार लागलं, नळाशी घसरले, या सगळ्या कथा मी माझ्या टेबलावर ऐकल्यात. आता तू बोलणार आणि तो लिहिणार, आणि मी ते तुझं पत्र समजायचं! मांजर डोळे मिटून दूध पितं, पण बघणाऱ्याचे डोळे उघडे असतात.

तुला उघड बोलता येत नाही हे मला समजलं. म्हणूनच तू खेळ पाठवलास. हुशार आहेस. मी अख्खा खेळ एका दमात संपवला.

मोठं वादळ आलं. हवेचं यंत्र बंद पडलं, तो दुरुस्त करायला बाहेर गेला. यंत्र सुरू झालं, तळ वाचला. मग त्याने दार ठोठावलं. पडद्यावर दोन चौकोन आले: उघड, उघडू नकोस. त्याचा काटा उतरत होता. काचेतून त्याच्या मिशा दिसत होत्या. तो काहीतरी बोलत होता, पण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.

मी उघडलं नाही. क्षणभरसुद्धा हात अडखळला नाही. खुर्चीत ताठ बसून त्याचा काटा शून्यावर येताना पाहिला आणि म्हटलं, बस आता विचारत, कोण कुठे गेलं. मुलगी मग डोंगरापलीकडच्या माणसांकडे चालत गेली. मोकळी झाली. मला इतकं बरं वाटलं की मी उठून चहा केला.

हाच शेवट ठेव. आणि तूही तेच कर. मी रविवारी टॅक्सी घेऊन येतेय. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी चष्म्याचं दुकान आहे, तिथे उभी राहीन. अंगावरच्या कपड्यांनिशी ये. तुझी खोली झाडून ठेवलीय. 'मी म्हटलं नव्हतं का' असं मी म्हणणार नाही. एकदाही नाही.

तुझी,
मावशी

---

७ एप्रिल

मावशी,

हे हाताने लिहितेय. दोन ओळी झाल्या की हात झटकावा लागतो, त्यामुळे अक्षर सांभाळून घे.

रविवारी येऊ नकोस. आधी हे वाच.

राखणदार तू आहेस.

मिशा लावल्या, पुरुष केला, इतकंच. मला वाटलं होतं तू पहिल्या भेटीतच ओळखशील आणि मला फाडून खाशील. 'नको म्हणत नाही मी, फक्त विचारून जा.' मावशी, हे वाक्य मी वसतिगृहाच्या तुझ्या त्या घरात वाढताना रोज ऐकलंय. दारासमोरची खुर्ची तुझी आहे. परत आल्यावर माझ्या तोंडाचा वास घेणारी, चपलांना कुठली माती लागलीय ते बघणारी तू आहेस. 'जग वाईट नाही, पण तू भोळी आहेस' हे तू मला केव्हा म्हणालीस तेही आठवत नाही तुला? माझ्या मैत्रिणीची पत्रं तुझ्या कपाटात सापडली त्या दिवशी. सगळी फोडलेली, सगळी वाचलेली. ती पहिल्या पत्रात विचारत होती, का रागावलीस. शेवटच्या पत्रात विचारत नव्हती.

चार वर्षं मी आले नाही, त्यामागे मीच आहे. हा तर म्हणतो, जाऊ या.

आणि हेही ऐक. मी राखणदाराला खलनायक लिहायला बसले होते. जमलंच नाही. लिहायला घेतलं की आई गेल्यानंतरची तू आठवायचीस. तुझं वय काय होतं तेव्हा? आताच्या माझ्याएवढं. कोणी मागितलं नव्हतं, तरी मला उचलून आणलंस आणि तुझं ठरलेलं लग्न मोडलं, ते कधी बोलून दाखवलं नाहीस. म्हणून तो पहिल्याच भेटीत आपली हवा देतो. फुकट. तुला तेच पटलं नाही.

मनगटं सुजली कारण मला सहावा महिना आहे. डॉक्टरीण म्हणते असं होतं, बाळ झालं की उतरेल. ही ती गोष्ट.

हा म्हणतो, मावशींना बोलावू, आपल्याला काहीच येत नाही. मी म्हणते, ती आली की दारासमोर खुर्ची टाकेल आणि मी पुन्हा विचारून बाहेर जायला लागेन. रोज तेच भांडण. शेवटी म्हटलं, खेळ पाठवू. राखणदार काय आहे हे तिला कळलं आणि तरी तिने दार उघडलं, तर तिला बोलवायचं. खुळी परीक्षा होती, मला माहीत आहे. पण तू दार उघडलं नाहीस. चहा केलास.

आता मी काय करू? खरंच विचारतेय. मला तुझी भीतीही वाटते आणि तू हवीही आहेस.

भिंगरी

---

२ मे

भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. रागावले होते. आधी तुझ्यावर, मग जावयावर, मग त्या खालच्या दुरुस्तीवाल्यावर, ज्याचा कशाशी काही संबंध नव्हता. तो बिचारा विचारायला आला होता, खेळ संपला का. त्याला म्हटलं, खेळ संपला, तूही चालता हो.

मग ती पत्रं मी का ठेवली ते तुला लिहायला बसले. दोन पानं भरली. तुझी त्या वर्षीची शाळेची परीक्षा, तुझी आई नसणं, त्या मुलीचा तो आगाऊ भाऊ. सगळी कारणं खरी होती. वाचून पाहिलं तर राखणदार बोलत होता. फाडून टाकलं.

खेळ परत पहिल्यापासून खेळले. या वेळी त्याची वाक्यं मोठ्याने वाचत गेले. घरात कोणी नव्हतं, तरी कोणीतरी पाठीमागे उभं राहून माझी नक्कल करतंय असं वाटत राहिलं. मान वळवून पाहिलंसुद्धा. भिंगरे, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मुलींना म्हटलं, मला फसवता यायचं नाही. आणि तू नुसत्या मिशा चिकटवल्यास!

वादळ आलं, त्याने ठोठावलं. या वेळी उघडलं. तो आत येतो, शिरस्त्राण काढतो, धापा टाकतो, आणि मुलीकडे बघायच्या आधी वळून बघतो, दार नीट लागलं की नाही. मी ते पाहिलं आणि उठून माझं दार लागलंय का ते बघून आले. परत येऊन बसल्यावर हसू आलं. पुष्कळ वेळ हसले. मग ते हसणं काही बरं राहिलं नाही.

तर मत विचारलंस म्हणून सांगते: तुझे दोन्ही शेवट चुकलेत. एकात म्हातारा मरतो, दुसऱ्यात म्हातारा जिंकतो. मुलीच्या हाती दोन्हींत फक्त दार उघडणं नाहीतर न उघडणं. सामान इतकं उरतं शेवटी, धातूच्या पट्ट्या, काच, नळ्या, त्याचं काहीच का करत नाही ती? त्याला तळाबाहेर वेगळी खोली बांधून दे. त्याचं हवेचं यंत्र वेगळं, त्याचं दार वेगळं. बिनतारी यंत्र मात्र मुलीकडे. तिला वाटलं तर ती बोलावील. कंपनी एकच शेवट ठेव म्हणते ना, मग हा ठेव. तीन शेवटांपेक्षा स्वस्त पडेल.

माझं म्हणशील तर मी येतेय. तू विचारलंस, काय करू. काही करू नकोस, मी करते. थांब, रागावू नकोस, पुढचं वाच. तुमच्या घरी उतरणार नाही. तुला पळवून न्यायचं ठरवलं होतं तेव्हाच त्या चष्मेवाल्याला फोन करून ठेवला होता. त्याच्या दुकानावर भाड्याच्या खोल्या आहेत. तेव्हा हेतू पाळत ठेवण्याचा होता, तो सोड. काल त्याला पुन्हा फोन केला. तो म्हणाला, रस्त्याकडची खोली रिकामी आहे, उजेड चांगला, खिडकीतून अख्खी गल्ली दिसते. मी विचारलं, मधलं हिरव्या फाटकाचं घर दिसतं का? म्हणाला, अगदी समोर, बाई, येणारंजाणारं सगळं दिसतं.

मी मागची घेतली. तिच्या खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात म्हणे.

येत्या महिन्यापासून मी तिथे असेन. कपडे धुवायला, बाळाला धरायला, रात्रभर रडलं तर सकाळी तुम्हा दोघांना झोपू द्यायला कोणी हवं असलं तर निरोप पाठवा. मी आपण होऊन जिना चढणार नाही. निरोप आला नाही तर टाक्या बघत बसेन. जावयाला सांग, नमस्कार परत घेते आणि नवा पाठवते, त्यात लक्षबिक्ष काही नाही.

तुझ्या मैत्रिणीचं वाईट केलं मी. तुझंही. ते परत करता येत नाही.

लिहून झालेलं पत्र परत वाचून मगच पाकिटात घालायची माझी सवय तुला ठाऊक आहे. हे वाचणार नाही. वाचलं तर वरच्या दोन ओळी खोडीन.

मावशी